५ गिगाहर्ट्झवर कधी गेम पडतो, कधी नुसतं बसल्या बसल्या हँग होतं. दोष शोधायला सुरुवात कुठून करू?

नवाभिडू

नमस्कार मंडळी. ओव्हरक्लॉकिंगचा, म्हणजे प्रोसेसर मूळच्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्याचा, हा माझा पहिलाच प्रयत्न आहे आणि गेले आठ दिवस एकाच जागी अडकलोय, म्हणून धागा काढतोय.

मशीन असं आहे: आय५-९६००के, झेड३९० चिपसेटचा बोर्ड, मोठा टॉवर कूलर, ६५० वॉटचा पॉवर सप्लाय, डीडीआर४ ३२०० रॅमच्या ८ जीबीच्या चार स्टिक. बायोसमध्ये मल्टिप्लायर ५० केला, म्हणजे १०० मेगाहर्ट्झच्या बेस क्लॉकवर ५ गिगाहर्ट्झ. व्होल्टेज फिक्स्ड, १.३०. एक्सएमपी (रॅमला पाकिटावरच्या वेगाने चालवणारं सेटिंग) चालू. बाकी सगळं ऑटोवर.

होतं काय, तर सिनेबेंच ही प्रोसेसरची टेस्ट कितीही वेळा लावा, पूर्ण होतं. गेम ३०-४० मिनिटं मस्त चालतो आणि मग एकदम बंद होऊन डेस्कटॉप दिसतो, एरर-बिरर काही नाही. दोनदा ब्लू स्क्रीन आला. एकदा 'क्लॉक वॉचडॉग टाइमआउट', एकदा 'मेमरी मॅनेजमेंट'. काल रात्री तर काहीच चालू नव्हतं, ब्राउझरमध्ये एक पान उघडं होतं, आणि माउसचा बाण जागच्या जागी थिजला. बटण दाबून बंद करावं लागलं.

व्होल्टेज १.३३ करून पाहिलं, गेम पडलाच. मग एक्सएमपी बंद केलं आणि दोन दिवस शांत गेले. पण त्याच वेळी मल्टिप्लायरही ४९ केला होता, त्यामुळे नक्की कशाने गुण आला ते कळेना. आता परत सगळं पहिल्यासारखं करून बसलोय. कुठून सुरुवात करू?

अर्धविराम

तापमान किती जातं? आणि ते बघता कशात?

खटपट्या

१.३५ द्या आणि विषय संपवा. माझं ९६००के गेली कित्येक वर्षं ५ वर चालू आहे. तापमान ९०च्या आत असेल तर काही होत नाही.

नवाभिडू

@अर्धविराम, एचडब्ल्यूइन्फोमध्ये बघतो. गेममध्ये ६८-७०, सिनेबेंचमध्ये ७९ पर्यंत.

@खटपट्या, १.३३ ला फरक पडला नाही म्हणून पुढे जायला धीर होत नाहीये.

दशांशचिन्ह

धीर होत नाहीये ते चांगलंच आहे. व्होल्टेज वाढवून फरक पडत नसेल तर दोष व्होल्टेजचा नसण्याची शक्यता जास्त. निदान एकट्या व्होल्टेजचा तरी नाही.

तुमच्या वर्णनात मला एक नाही, दोन वेगवेगळे आजार दिसतात, आणि एकाचं औषध दुसऱ्याला देऊन तुम्ही थकलाय. मोकळ्या मशीनवर हँग झालं ते बघा. तुम्ही व्होल्टेज फिक्स्ड ठेवलंय. म्हणजे लोड नसतानाही प्रोसेसरला जवळजवळ पूर्ण १.३० मिळतं, उलट लोड आला की ते खाली उतरतं. चिपही तेव्हा गार असते. म्हणजे ज्या क्षणी कोअरला व्होल्टेज सगळ्यात मुबलक होतं, त्याच क्षणी मशीन थिजलं. कोअर व्होल्टेज कमी पडल्याचं हे लक्षण मला वाटत नाही. माझा पहिला संशय रॅमवर आहे.

तुमचा प्रोसेसर अधिकृतपणे डीडीआर४ २६६६ पर्यंतची रॅम चालवतो. ३२०० चं एक्सएमपी चालू केलं की तेही ओव्हरक्लॉकच झालं, फक्त एका क्लिकचं असल्यामुळे तसं वाटत नाही. त्यात चार स्टिक. चारही स्टिक एकाच पाकिटातल्या आहेत का?

आधी हे करा. बायोस पूर्ण डिफॉल्टला न्या, मल्टिप्लायर-बिल्टिप्लायर सगळं मूळचं. फक्त एक्सएमपी चालू करा. पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६ घाला, त्यावरून बूट करा आणि रात्रभर चार फेऱ्या होऊ द्या. एक जरी चूक निघाली तरी प्रोसेसरला हात लावायचा नाही. पेनड्राइव्हवरून करायचं कारण असं, की बिघडलेल्या रॅमवर विंडोज चालू ठेवली तर तिच्याच फायली खराब होतात, आणि मग हार्डवेअर दुरुस्त झाल्यावरही मशीन पडत राहतं.

मंद_वारा

दशांशचिन्ह, मोकळ्या मशीनबद्दल थोडी असहमती. माझ्याकडे रायझन ५ ५६००एक्स आहे. पीबीओ या वेग वाढवणाऱ्या सेटिंगमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रत्येक कोअरचं व्होल्टेज कमी-जास्त करणारा पर्याय) सगळ्या कोअरना उणे २५ लावला होता. सिनेबेंच रात्रभर चाललं, आणि सकाळी मेल वाचताना मशीन आपोआप रीस्टार्ट! तिथे दोष व्होल्टेजचाच होता. सगळे कोअर राबत असतात तेव्हा वेग कमी असतो. एकटादुकटा कोअर हलकं काम करत असतो तेव्हा तो सगळ्यात वरच्या वेगावर उडी मारतो, आणि उणे २५ मुळे नेमकं तिथेच व्होल्टेज अपुरं पडतं. शेवटी कोअरसायकलर लावून एकेक कोअर वेगळा तपासला. ज्याला बायोस 'सर्वोत्तम' म्हणत होता त्याच कोअरला उणे ८ च्या पुढे सोसेना. बाकीचे उणे २० वर खुशाल आहेत.

दशांशचिन्ह

तुमच्या बाबतीत शंभर टक्के मान्य. कर्व्ह ऑप्टिमायझरचा एकेक आकडा ३ ते ५ मिलिव्होल्टचा असतो, म्हणजे उणे २५ ला तुम्ही सगळीकडून ७५ ते १२५ मिलिव्होल्ट काढून घेतले होते, हलक्या कामाच्या वेळीसुद्धा. नवाभिडूंनी फिक्स्ड व्होल्टेज आणि फिक्स्ड मल्टिप्लायर ठेवलाय, तिथे ही उडीच नाही. लक्षण तेच, पण व्होल्टेज कुठल्या पद्धतीने दिलंय त्यावर अर्थ बदलतो. अ‍ॅडॅप्टिव्ह किंवा ऑफसेट व्होल्टेज वापरणाऱ्यांनी मात्र मंद_वाऱ्यांचा प्रतिसाद नीट वाचावा.

चिमणपाखरू

वाचतेय. लॅपटॉपवर असं काही करता येतं का?

गुणाकार

@चिमणपाखरू, बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरचा मल्टिप्लायर बंदच असतो, आणि असलाच उघडा तरी उष्णता बाहेर टाकायला जागा नसते. लॅपटॉपला व्होल्टेज थोडं कमी करणं जास्त उपयोगी. पण डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षात्रुटी जाहीर झाली, आणि त्यानंतरच्या बायोस अपडेटमध्ये इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपवर तीही वाट बंद झाली. आधी बायोसमध्ये पर्याय दिसतो का बघा.

नवाभिडू

दशांशचिन्ह, तुमचा संशय खरा निघाला.

सगळं डिफॉल्ट, फक्त एक्सएमपी चालू. पहिली फेरी स्वच्छ. झोपायला जाणार होतो, म्हटलं अजून पाच मिनिटं बघू. दुसऱ्या फेरीत सातव्या टेस्टला स्क्रीनवर पहिली लाल ओळ आली. सकाळी उठलो तेव्हा ११ चुका होत्या. म्हणजे प्रोसेसर मूळच्या वेगावर असतानाही रॅम चुकत होती, आणि मी आठ दिवस मल्टिप्लायरशी झगडत होतो.

स्टिक एका पाकिटातल्या नाहीत. दोन आधी घेतल्या होत्या, दोन वर्षभराने. स्टिकर अगदी तंतोतंत सारखं आहे, त्यामुळे चालेल असं वाटलं.

कातरवेळ

स्टिकर सारखं असलं तरी आतल्या चिप वेगळ्या असू शकतात, उत्पादक मधल्या काळात बदलतात. आणि पाकिटावर लिहिलेला वेग त्या पाकिटातल्या स्टिकपुरताच तपासलेला असतो. दोन पाकिटं एकत्र केली की तपासणी तुमची तुम्ही करायची.

आता आधीच्या दोन स्टिक वेगळ्या आणि नंतरच्या दोन वेगळ्या लावून तपासा. दोन्ही जोड्या स्वतंत्रपणे स्वच्छ निघाल्या तर स्टिक चांगल्या आहेत, चार मिळून मेमरी कंट्रोलरला ओझं होतंय एवढाच अर्थ.

खटपट्या

एक प्रामाणिक प्रश्न. एवढ्या टेस्ट कशाला? गेम खेळायचा असेल तर गेम पडत नाही ना, एवढं बघायचं. प्राइम९५ या टेस्टसारखा लोड रोजच्या वापरात कधीच येत नाही. त्यासाठी प्रोसेसर ९५ अंशांवर भाजून काढण्यात मला अर्थ दिसत नाही.

कातरवेळ

खटपट्या, तुमच्या मुद्द्यात तथ्य आहे, तरी माझा अनुभव सांगते, कारण मीही अगदी हेच म्हणायचे.

माझं मशीन सात-आठ महिने ओव्हरक्लॉक होतं. एकदाही ब्लू स्क्रीन नाही, गेम कधी पडला नाही. एके दिवशी जुने फोटो दुसऱ्या डिस्कवर हलवायला झिप फायली उघडायला घेतल्या, आणि एकीला सीआरसी एरर, म्हणजे फाइल बिघडल्याची सूचना, आली. मग सगळ्या तपासल्या. त्या आठ महिन्यांत बनवलेल्या ४० पैकी ३ उघडेनात. डिस्क ठणठणीत होती. त्या फायली बनतानाच चुकीच्या बनल्या होत्या, आणि मूळ फोटो मी बॅकअप झाला म्हणून पुसून टाकले होते. एका घरगुती समारंभाचे जवळजवळ सगळे फोटो गेले.

मशीन पडलं तर निदान कळतं तरी. प्रोसेसरने गुणाकार चुकवला आणि पुढे चालत राहिला, तर कुणीच सांगत नाही. प्राइम९५ चा खरा उपयोग तो आहे. त्याला उत्तर आधीपासून माहीत असतं आणि तो आपलं उत्तर त्याच्याशी ताडून बघतो. गेम असलं काही ताडत नाही. एखादा पिक्सेल चुकीचा रंगला तर तुम्हाला दिसणारही नाही.

गुणाकार

+१. आणि प्राइम९५ म्हणजे एकच टेस्ट नव्हे. स्मॉल एफएफटी प्रोसेसरला भाजतं, ब्लेंडमध्ये रॅमही येते. एव्हीएक्समुळे (प्रोसेसरच्या जड हिशोबाच्या खास सूचनांमुळे) तापमान फार चढत असेल तर टेस्टच्या चौकटीतच एव्हीएक्स बंद करता येतं. मात्र तुमच्या रोजच्या कामात एव्हीएक्स येत असेल, व्हिडिओ एन्कोडिंग वगैरे, तर ते बंद करून घेतलेली परीक्षा अपुरी. त्यासाठी बायोसमध्ये एव्हीएक्स ऑफसेट असतो. तो २ ठेवला की एव्हीएक्सचं काम आल्यावर मल्टिप्लायर आपोआप दोनाने उतरतो.

जुनं_खोड

धागा वाचून जुने दिवस आठवले. थोडं अवांतर होईल, पण मुद्द्याशी संबंध आहे.

१९९८ च्या ऑगस्टात सेलेरॉन ३००ए आला. मल्टिप्लायर ४.५, तो बदलता येत नसे, बस (आजच्या बेस क्लॉकच्या जागी असलेला बोर्डाचा मूळ वेग) ६६ मेगाहर्ट्झची. बस १०० केली की थेट ४५० मेगाहर्ट्झ, आणि १२८ केबी कॅश चिपवरच, पूर्ण वेगाने धावणारी. कितीतरी जणांचे ३००ए पहिल्या झटक्यात ४५० वर उभे राहायचे. माझा राहिला नाही. म्हटलं, मधला मार्ग घेऊ. बस ८३ केली, म्हणजे ३७५. प्रोसेसरला काहीच जड नव्हतं, गार होता. पण दोन दिवसांत हार्ड डिस्कवरच्या फायली बिघडायला लागल्या.

मी डिस्क बदलली! नवीन डिस्कवरही तेच. कारण फार उशिरा कळलं. त्या बोर्डावर पीसीआयचा, म्हणजे कार्ड आणि डिस्क जोडणाऱ्या मार्गाचा, वेग बसच्या निम्मा असायचा. ६६ ला ३३, जो बरोबर आहे. १०० ला बोर्ड तिसरा भाग घ्यायचा, म्हणजे पुन्हा ३३. पण ८३ ला निम्मा म्हणजे जवळपास ४२ मेगाहर्ट्झ, आणि डिस्क कंट्रोलर त्याच पीसीआयवर. ४५० पेक्षा ३७५ धोक्याचं होतं! मी हात लावला प्रोसेसरला आणि दुखलं डिस्कला.

नवाभिडू, तुम्ही हात लावलात रॅमला आणि बघत होतात प्रोसेसरकडे. इतक्या वर्षांत प्रकार तोच आहे.

अर्धविराम

जुनं_खोड, असेच लिहीत जा. वाचनखूण साठवली.

नवाभिडू

जुनं_खोड, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. अशा गोष्टी कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत.

दोन्ही जोड्या वेगवेगळ्या तपासल्या, दोन रात्री गेल्या. दोन्ही ३२०० वर स्वच्छ. म्हणजे कातरवेळ म्हणाल्या तसंच, चार मिळून जड होतंय. सध्या चारही लावून एक्सएमपी बंद ठेवलंय, २१३३ वर. रॅम स्वच्छ.

आता ५ गिगाहर्ट्झ, १.३०, प्राइम९५ स्मॉल एफएफटी, एव्हीएक्स बंद. समोर वही घेऊन बसलो होतो. २३ व्या मिनिटाला पंख्यांचा आवाज किंचित उतरला. आधी वाटलं भास झाला. टास्क मॅनेजर उघडला तर प्रोसेसरचा वापर १०० वरून ८३ टक्क्यांवर. सहातला एक कोअर थांबला होता. प्राइम९५ प्रत्येक कोअरला एक वर्कर लावतं, त्यातल्या चौथ्या वर्करच्या खिडकीत लिहिलेलं होतं, राउंडिंग ०.५ आलं, ०.४ पेक्षा कमी अपेक्षित होतं, म्हणजे हिशोब चुकला. मशीन पडलं नाही, हँग झालं नाही. पंख्याकडे कान नसता तर मला कळलंच नसतं. कातरवेळ, तुमच्या फोटोंची गोष्ट तेव्हा डोळ्यांपुढे आली.

आकडे असे: बायोसमध्ये १.३००, लोडवर एचडब्ल्यूइन्फोमध्ये व्हीकोअर (कोअरला मिळणारं व्होल्टेज) १.२१६. तापमान ८४. एवढा फरक का?

दशांशचिन्ह

उत्तम निरीक्षण. हा तुमचा दुसरा आजार.

व्होल्टेजचा असा उतार मुद्दाम ठेवलेला असतो, त्याला व्हीड्रूप म्हणतात. लोडवर करंट वाढला की व्होल्टेज थोडं खाली येऊ द्यायचं, म्हणजे लोड अचानक गेल्यावर जी उसळी येते ती ठरलेल्या मर्यादेच्या वर जात नाही. लोड-लाइन कॅलिब्रेशन, आपलं एलएलसी, हा उतार कमी करतं. ऑटोवर तुमच्या बोर्डाने तो भरपूर ठेवलाय. तुम्ही १.३० दिलं असं समजत होतात, पण गरजेच्या वेळी कोअरला १.२१६ मिळत होतं.

आणि २३ वं मिनिट का? सुरुवातीला कूलरचा धातू गार असतो. तो हळूहळू तापतो, मग केसमधली हवा तापते, तिच्याबरोबर चिपही. तापलेल्या चिपला त्याच वेगासाठी थोडं जास्त व्होल्टेज लागतं. पहिल्या मिनिटाला जे काठावर पुरत होतं, ते विसाव्या मिनिटाला पुरत नाही. तुमचा गेम ३०-४० मिनिटांनी का पडायचा आणि सिनेबेंचची एक फेरी का पार पडायची, हे बऱ्याच अंशी यात आलं.

एलएलसी मधल्या पायरीवर ठेवा. नावांकडे नीट लक्ष द्या, काही बोर्डांवर १ म्हणजे सगळ्यात कडक, काहींवर सगळ्यात मोठा आकडा कडक. बायोसमध्ये शेजारी छोटा आलेख असतो, तो बघा. सगळ्यात कडक पायरी घेऊ नका. ती घेतली की लोड सुटताना क्षणभर व्होल्टेज ठरवलेल्याच्याही वर उसळतं, आणि एचडब्ल्यूइन्फो साधारण दोन सेकंदांनी एकदा वाचतं, त्यामुळे ती उसळी तुम्हाला कधी दिसणारच नाही.

अर्धविराम

इव्हेंट व्ह्यूअरही बघा. विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम. 'कर्नल-पॉवर ४१' दिसलं तर त्यातून मशीन नीट बंद झालं नव्हतं एवढंच कळतं, कारण नाही. बरेच नवखे त्यावरून पॉवर सप्लाय बदलायला निघतात. 'विआ-लॉगर' (विंडोजची हार्डवेअरच्या चुकांची नोंद) शोधा. १९ क्रमांकाची नोंद म्हणजे चूक झाली आणि प्रोसेसरने ती स्वतःच सावरली. ती दिसायला लागली की काठावर आहात असं समजा. खाली कोअरचा एपिक आयडी असतो, त्यावरून कुठला कोअर कुरकुरतोय तेही कळतं.

ब्लू स्क्रीनच्या नावांवरही अंदाज बांधता येतो. 'क्लॉक वॉचडॉग टाइमआउट' आणि 'विआ अनकरेक्टेबल एरर' बहुतेकदा कोअर व्होल्टेजकडे बोट दाखवतात, 'मेमरी मॅनेजमेंट' रॅमकडे. तुमच्याकडे दोन्ही प्रकार आले होते!

मंद_वारा

पॉवर सप्लायचा विषय निघालाच आहे तर एक जोडतो. १२ व्होल्टची लाइन एटीएक्स मानकाप्रमाणे ५ टक्के खालीवर चालते, म्हणजे ११.४ ते १२.६. सॉफ्टवेअरमध्ये दिसणारा आकडा बेभरवशाचा असतो, संशय असेल तर मल्टीमीटरने मोजा. आणि बोर्डावरचा प्रोसेसरचा ८ पिनांचा कनेक्टर पूर्ण आत बसलाय ना ते बोटाने दाबून बघा.

खटपट्या

कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म काढली होती ना? एका मित्राने तशीच ठेवली होती, तीन महिने सगळेजण बायोसला दोष देत होतो.

नवाभिडू

काढली होती, फोटो आहे पुरावा म्हणून! कनेक्टरही नीट आहे.

अर्धविराम, विआच्या १९ क्रमांकाच्या ३२ नोंदी निघाल्या, सगळ्या पहिल्या आठवड्यातल्या. मला या खिडकीचा पत्ताच नव्हता.

एलएलसी एक पायरी वाढवून लोडवर १.२५६ मिळालं, तापमान ८९. ५१ व्या मिनिटाला पुन्हा तोच चौथा वर्कर थांबला. बायोसमध्ये १.३४ केलं, लोडवर १.२९ च्या आसपास, दोन तास टिकलं, पण तापमान ९६. हे ठेवावं का? मध्ये एकदा व्होल्टेज टाकताना चुकीचा आकडा गेला आणि मशीन सुरूच होईना. पंखे फिरायचे, थांबायचे, परत फिरायचे. फार घाबरलो होतो. शेवटी प्लग काढून, बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी पाच मिनिटं बाहेर ठेवून परत लावली, तेव्हा आलं.

गुणाकार

९६ वर ठेवू नका. या चिपची मर्यादा १०० आहे, उन्हाळ्यात खोली चार अंशांनी तापली की प्रोसेसर स्वतःच वेग उतरवणार, मग ५ चा आकडा नावापुरता.

आणि एक हिशोब करा. प्रोसेसरला लागणारी वीज वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. समजा ४.८ ला १.२४ पुरतं आणि ५.० ला १.३४ लागतं. वेग वाढला ४ टक्के. व्होल्टेजच्या वर्गाचं गुणोत्तर १.१७, वेगाचं १.०४, गुणाकार १.२२. म्हणजे ४ टक्के वेगासाठी २२ टक्के जास्त उष्णता, आणि त्यात गळतीचा करंट धरलेलाच नाही. गेममध्ये हे ४ टक्के डोळ्यांना दिसणार नाहीत. पंख्याचा आवाज मात्र रोज ऐकायला लागेल.

खटपट्या

माझ्या चिपला ५ ला १.२९ पुरतं, हे खरं. प्रत्येक चिप वेगळी निघते. मी सुरुवातीला १.३५ सांगितलं ते माझ्या मशीनवरून सांगितलं, ते मागे घेतो.

दशांशचिन्ह

४९ वर या. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. तुमच्या पहिल्या पोस्टमधली सगळी अडचण त्या एका वाक्यात होती, 'त्याच वेळी मल्टिप्लायरही ४९ केला होता'.

तसंच, हा धागा शोधत कुणी आलं तर: इंटेलच्या १३व्या किंवा १४व्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल आणि तो मूळ सेटिंगलाच पडत असेल, तर हे सगळं करण्याआधी बायोस अपडेट करा. त्या चिपमध्ये व्होल्टेज गरजेपेक्षा जास्त मागितलं जायचं. त्यावर २०२४ च्या ऑगस्टपासून इंटेलने मायक्रोकोड (बायोसमधून येणाऱ्या प्रोसेसरच्या आतल्या दुरुस्त्या) दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. मात्र जी चिप आधीच झिजली आहे ती अपडेटने भरून येत नाही, ती बदलूनच घ्यावी लागते.

नवाभिडू

सहा दिवसांनी लिहितोय, मुद्दाम घाई केली नाही.

४.९ गिगाहर्ट्झ, बायोसमध्ये १.३०, एलएलसी मधली पायरी, लोडवर १.२५६, तापमान ८५. प्राइम९५ आठ तास, सहाही वर्कर शेवटपर्यंत चालू. विआची एकही नोंद नाही. हे झाल्यावरच रॅमकडे वळलो. चार स्टिक ३००० वर, टायमिंग आणि १.३५ व्होल्ट एक्सएमपीचेच. मेमटेस्ट चार फेऱ्या, चुका शून्य. मग दोन्ही एकत्र ठेवून ब्लेंड रात्रभर. स्वच्छ. विंडोजच्या फायलीही तिच्यातल्याच एसएफसी या तपासणी कमांडने तपासल्या, काही बिघडल्या होत्या, त्या दुरुस्त झाल्या. महत्त्वाच्या फायलींचा बॅकअप मशीन अस्थिर होतं त्या आठवड्याच्या आधीचा आहे, तो तसाच ठेवलाय.

काल गेम साडेतीन तास चालला.

कातरवेळ

बॅकअप तसाच ठेवलात हे वाचून फार बरं वाटलं. त्या आठवड्यात बनलेल्या फायली मात्र एकदा उघडून बघा.

खटपट्या

अभिनंदन! काल मीही माझ्या मशीनवर इव्हेंट व्ह्यूअर उघडला. विआच्या १९ क्रमांकाच्या १४ नोंदी निघाल्या, सगळ्या एकाच कोअरच्या. इतकी वर्षं मी त्याला ठणठणीत म्हणत होतो. आज रात्री प्राइम९५ लावतोय. तुमच्या वहीत रकाने कसे पाडलेत ते सांगाल का?

नवाभिडू

पाच रकाने आहेत. तारीख आणि वेळ. काय बदललं, इथे एकच गोष्ट लिहायची. बायोसमधलं व्होल्टेज आणि त्यापुढे लोडवरचं. सर्वाधिक तापमान, शेजारी खोलीचं तापमान. शेवटचा मोठा रकाना, कितव्या मिनिटाला काय झालं आणि कुठल्या वर्करला. तुमच्या त्या कोअरचा क्रमांक पहिल्याच ओळीत लिहून ठेवा, आणि पंख्याच्या आवाजाकडे कान असू द्या.